पोस्टरवरची मोकळी जागा

दिवाळीत आलेल्या अंबाजी बिरादारांच्या पत्राला नामदेवरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. हे त्यांना रोज आठवायचं, साधारण सकाळी, चष्म्यासाठी खण उघडला की. पत्र त्याच खणात होतं. ते पत्राकडे बघायचे, 'आज नक्की' असं मनात म्हणायचे आणि चष्मा घेऊन खण लावून टाकायचे.

पत्रात अवघड असं काही नव्हतं. अंबाजी हे त्यांचे कॉलेजातले मित्र. दोघं हैदराबादेत काचीगुड्याला एका खोलीत राहिले, एकाच खानावळीत जेवले. पुढे अंबाजी उदगीरला शाळेत मास्तर झाले आणि नामदेवराव तिथेच एका कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटले. दोघंही केव्हाच निवृत्त झाले होते. अंबाजींनी लिहिलं होतं, 'हैदराबादेतल्या जुन्या मराठी खानावळींवर मी बरंच गोळा केलं आहे. आपण ज्या वाचनालयात फुकट पेपर वाचायचो, तिथे एकदा त्यावर बोलावं असं फार मनात आहे. जमेल का ते कळव. फोनवर मला आता ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच टाक. माणसं किती येतील याची काळजी करू नकोस.'

नामदेवरावांना नेमकी तीच काळजी होती. ते त्याच वाचनालयाच्या कमिटीवर होते आणि तिथल्या व्याख्यानांना माणसं येत नसत. मागच्या वर्षी एक प्राध्यापक बोलले, तेव्हा पुढच्या रांगेत नामदेवराव एकटे होते आणि मागे जे चौघे बसले होते त्यातले दोघे पंखा दुरुस्त करायला आले होते. पंखा फिरायला लागल्यावर ते गेले. उरलेलं व्याख्यान प्राध्यापकांनी थेट नामदेवरावांकडे बघून दिलं. त्यांना मान वळवता येईना, की खोकता येईना. अंबाजीवर तशी वेळ आणायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

'ये' लिहावं तर रिकाम्या खुर्च्या, 'नको' लिहावं तर अंबाजीचं मन मोडणार. म्हणून ते दोन्ही लिहीत नव्हते. मग उशीर झाला, म्हणून पत्राच्या सुरुवातीला माफी घालावी लागली. उशीर वाढला तशी माफी वाढली. माफी वाढली म्हणून पत्र लांबलं, आणि लांब पत्र पुन्हा एकदा वाचून मगच टाकावं म्हणून आणखी उशीर झाला.

"बाबा, हे काय लिहिताय रोज?" योगिनीने एका रविवारी विचारलं. योगिनी त्यांची सून, मुलगा गौतमची बायको, पुण्याची. माधापूरच्या एका कंपनीत डिझाइनचं काम करायची. मोबाइलवर कुठलं बटण कुठे असावं हे ठरवण्याचा तिला पगार मिळतो, असं नामदेवरावांनी एकदा बायकोला, भामाबाईंना, सांगितलं होतं आणि भामाबाईंचा त्यावर अजून विश्वास बसला नव्हता.

नामदेवरावांनी कागद उलटा केला. पण योगिनीने विचारल्यावर त्यांना लपवताही येईना. त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे प्रॉब्लेम पत्राचा नाही," योगिनी म्हणाली. "माणसं येत नाहीत हा प्रॉब्लेम आहे. तुमच्या वाचनालयाचं पोस्टर बघितलंय मी. नोटीस लावल्यासारखं असतं. कोण वाचणार? मी करून देते चांगलं."

"तुला वेळ कुठे असतो."

"एका संध्याकाळचं काम आहे बाबा."

दुपारी जेवताना तिने समजावून सांगितलं. पोस्टर बघणारा माणूस दोन-तीन सेकंद बघतो. त्यात त्याचा डोळा आधी कुठे जाईल हे आपण ठरवायचं. एकच गोष्ट मोठी. बाकीच्या तिच्यापेक्षा लहान. एकमेकांशी संबंध असलेल्या गोष्टी जवळजवळ. सगळं एका रेषेत. आणि भोवती भरपूर मोकळी जागा.

"मोकळी कशाला?" भामाबाईंनी विचारलं.

"डोळ्याला विसावा मिळतो, आई. गर्दीत एक माणूस उभा असला तर दिसतो का? तोच मैदानात एकटा उभा असला तर लगेच दिसतो."

"हे तर आम्ही ताटात रोज करतो," भामाबाई म्हणाल्या. "मीठ वर मध्ये, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. भात पुढ्यात. कशाला काही लागू द्यायचं नाही. त्याला कुणी पगार देत नाही."

"हेच आई, अगदी हेच," योगिनी म्हणाली. नामदेवरावांनी आपल्या ताटाकडे जरा आदराने पाहिलं.

संध्याकाळी पोस्टर तयार झालं. फिकट मातकट रंगाचा कागद. मधोमध ठळक अक्षरांत 'अंबाजी बिरादार'. त्याखाली बेताच्या अक्षरांत 'जुन्या हैदराबादेतल्या खानावळी'. खाली डाव्या बाजूला एका रेषेत तारीख, वेळ आणि वाचनालयाचं नाव. बाकी काही नाही. नामदेवरावांना ते इतकं आवडलं की त्यांना भीती वाटली.

"कमिटीला दाखवतो," ते म्हणाले.

"दाखवा," योगिनी म्हणाली. ती हैदराबादेत नवीन होती.

कमिटी दर रविवारी सकाळी वाचनालयात जमायची. सचिव होते शिवराजराव. त्यांचं अंबरपेठेत भांड्यांचं दुकान होतं, आणि दुकानात जसं छतापासून जमिनीपर्यंत एक बोट जागा रिकामी नव्हती तसंच त्यांना सगळीकडे आवडायचं. त्यांनी पोस्टर हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"बहोत खूब," ते म्हणाले. "सूनबाईंचा हात चांगला आहे. पुरं कधी होतंय?"

"पुरं झालंय," नामदेवराव म्हणाले.

"हे? हौ, पण ही एवढी जागा?"

"ती मुद्दाम सोडली आहे. डोळ्याला विसावा म्हणून."

"डोळ्याला विसावा माणसाने घरी घ्यावा, नामदेवराव. अंबरपेठेत मोकळा प्लॉट दिसला की लोक काय म्हणतात? मालक मेला की केस चालू आहे? वाचनालयाचं तसं दिसायला नको. अध्यक्षांचं नाव तरी टाका."

नामदेवरावांना अध्यक्षांच्या समोर अध्यक्षांचं नाव नको म्हणता येईना. ते "बघतो" म्हणाले. नामदेवरावांचा 'बघतो' म्हणजे नकार असायचा, पण हे फक्त त्यांना एकट्याला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांनी तो होकार म्हणून लिहून घेतला.

पोस्टरवर अध्यक्ष आल्यावर उपाध्यक्ष आले. उपाध्यक्ष आले म्हणून कोषाध्यक्ष आले. महिला शाखेच्या योगदानाशिवाय संस्था चालते का, असं मागच्या बाकावरून विचारलं गेलं, आणि महिला शाखा आली. हॉलच्या खुर्च्या ज्यांनी वडिलांच्या नावे दिल्या होत्या ते म्हणाले, माझं नाव नको, वडिलांचं घाला, फक्त खाली कंसात माझं येऊ द्या.

"आणि पोस्टरवरची तारीख पक्की असेल तर अंबाजींना कळवायला हवं," नामदेवराव हळूच म्हणाले.

"ते माझ्याकडे," शिवराजराव म्हणाले. "पोस्टर छापून आलं की त्यावर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना मी निमंत्रण पाठवतो. सचिवाचं कामच ते. पत्ता तेवढा द्या."

नामदेवरावांनी उदगीरचा पत्ता लिहून दिला. मनावरचं मोठं ओझं उतरलं. कामाचं निमंत्रण सचिव पाठवणार, म्हणजे आपलं पत्र आता निव्वळ मित्राचं मित्राला राहिलं. पण मित्राला लिहायचं पत्र जास्त चांगलं हवं. शिवाय योगिनीचं ऐकल्यापासून त्यांना आपल्या मसुद्यात नवेच दोष दिसायला लागले होते. माझं पत्र उघडल्यावर अंबाजीचा डोळा आधी कुठे जाईल? माफीवर. पाऊण पान माफीचंच होतं. त्यांनी तो मसुदा फाडला आणि नव्याने सुरुवात केली.

इकडे योगिनीने पहिली सहा नावं निमूट घातली. छोट्या अक्षरांत, खाली, एका रेषेत. 'अंबाजी बिरादार' तेवढं मधोमध तसंच ठेवलं. ते पाहून अध्यक्षांचा फोन आला.

"नामदेवराव, माझं काही म्हणणं नाही. मी नावासाठी काम करत नाही. पण घरातली मंडळी विचारतात, चष्मा लावूनही दिसत नाही म्हणतात. आणि कोषाध्यक्षांच्या नावाच्या अगदी बरोबरीने माझं नाव?"

"एका रेषेत आहे ते," नामदेवराव म्हणाले. "अलाइनमेंट म्हणतात त्याला."

"तेच म्हणतोय मी. एका रेषेत कसे काय?"

अध्यक्षांचं नाव वर गेलं आणि मोठं झालं. मग कुणीतरी म्हणालं, नावं तर मतदारयादीतही असतात, फोटो हवेत. फोटो मागवल्यावर वाचनालयाच्या भजनी मंडळाने गटाचा फोटो पाठवला, त्यात अकरा जण आणि एक पेटी होती. कोषाध्यक्षांनी लग्नातला फोटो पाठवला. उपाध्यक्षांचा फोटो चौकोनी आणि अध्यक्षांचा गोल, यावरून दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. खुर्च्या देणाऱ्यांनी वडिलांच्या फोटोला हार घालून पाठवला, तेव्हा योगिनी म्हणाली, "बाबा, याने सगळा मूडच बदलेल हो." नामदेवरावांनी हार काढायला सांगायचं धाडस केलं नाही. त्या फोटोलाही ते 'बघतो'च म्हणाले होते.

प्रत्येक वेळी जागा एकाच ठिकाणाहून निघायची. अंबाजी मधून थोडे वर सरकले. मग थोडे उजवीकडे. मग त्यांची अक्षरं निम्मी झाली, कारण महिला शाखेने नऊ नावं दिली होती आणि त्यातलं एकही गाळणं म्हणजे काय, हे भामाबाईंनी नवऱ्याला नीट समजावून सांगितलं होतं. शेवटी अंबाजी तळाला गेले.

"बाबा, मी आता हात टेकले," योगिनी म्हणाली. "लोकांना पोस्टर नकोच आहे. त्यांना आरसा हवाय. फाइल देते. दुकानात नेऊन द्या, ते काय करायचं ते करतील. फक्त माझं नाव कुठे टाकू नका."

त्या एकाच नावासाठी कुणी आग्रह धरला नव्हता, आणि नेमकं ते घालावं असं नामदेवरावांना वाटत होतं.

अंबरपेठेत अनिलचं फ्लेक्सचं दुकान होतं. दुकानाबाहेर वाढदिवस, साखरपुडे, बारशी आणि निवडणुका एकाच दोरीवर वाळत असायच्या. अनिलने फाइल उघडली आणि पडद्याकडे मान तिरकी करून पाहिलं.

"साब, ये किनारे की जगा खाली कैकू है?"

"तेवढीच उरलीय, अनिलभाई," नामदेवराव म्हणाले. "राहू दे."

"नक्को साब. खाली छोडे तो लोगां बोलते दुकानवाला भूल गया. मेरा नाम खराब होता." त्याने एक बटण दाबलं आणि दोन्ही कडांना मोर आले. दुसरं दाबलं आणि वर झेंडूचं तोरण लागलं. मातकट रंग जाऊन मागून सूर्य उगवल्यासारखा पिवळा-लाल झाला. "अब देखो. शादी का घर लगता ना?"

नामदेवरावांनी खिशातून पेन काढलं आणि सगळी नावं एकेक करून तपासली. वेलांट्या, उकार, 'श्री' आणि 'सौ.' सगळं बरोबर होतं. ग्रंथालयात आयुष्य गेल्यामुळे त्यांना छापलेल्या अक्षराची चूक लांबून दिसायची. "फर्स्ट क्लास," ते म्हणाले आणि घरी आले.

त्यानंतर दुकानात वेगळंच सुरू झालं. फ्लेक्स छापायला आहे हे कळल्यावर एकेक जण आपलं नाव बघायला तिथे जाऊ लागला. अध्यक्ष गेले, उपाध्यक्ष गेले. महिला शाखा रिक्षा करून गेली आणि येताना भाजी घेऊन आली. शेवटच्या दिवशी शिवराजरावांना आठवलं की माइक फुकट देणाऱ्याचं नाव राहिलं आहे. त्यांनी अनिलला सांगितलं आणि अनिलने नामदेवरावांना फोन केला.

"साब, नया नाम डालना है तो एक लाइन निकालना पडता. कौनसी निकालूं?"

नामदेवराव तेव्हा पत्राचा चौथा की पाचवा मसुदा लिहीत होते आणि त्यातलं एक वाक्य त्यांना नुकतंच जमलं होतं. कुणाला काढायचं हे ठरवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"असं करा अनिलभाई," ते म्हणाले, "ज्याला बुरा वाटणार नाही ना, तेच काढा."

"हौ, समज गया," अनिल म्हणाला.

व्याख्यानाच्या रविवारी नामदेवराव पाऊण तास आधी वाचनालयात पोहोचले आणि दारातच थबकले. आत बसायला जागा नव्हती. पोस्टरवरचा प्रत्येक माणूस आला होता. आणि एकटा कुणी आलं नव्हतं. प्रत्येकाबरोबर बायको, मुलं, सासू, शेजारी, आणि भजनी मंडळातल्या अकराही जणांची घरची माणसं होती. व्यासपीठाच्या मागे फ्लेक्स लागला होता आणि त्याच्यापुढे माणसं बोट दाखवून फोटो काढून घेत होती. "थोडं बाजूला व्हा हो, तुमच्या डोक्यामागे आमचे हे झाकले जातायत," असं एक बाई दुसरीला सांगत होती.

नामदेवरावांच्या मनात आलं, अंबाजी हे बघेल. त्याला वाटेल, आपल्यासाठी एवढी माणसं जमली. ते गर्दीतून वाट काढत शिवराजरावांपाशी गेले.

"अंबाजी आले का?"

"कोण?"

"अंबाजी बिरादार. आजचे वक्ते."

शिवराजरावांनी त्यांच्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं. "ते रद्द झालं ना?"

"कधी?"

"आता मला काय माहीत कधी. पोस्टरवर नाव नाही म्हणून मी समजलो, तुमचं आणि त्यांचं काही बिनसलं असेल. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही. ज्यांची नावं होती त्या सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं."

नामदेवरावांनी फ्लेक्सकडे पाहिलं. तोरण, मोर, गोल फोटो, चौकोनी फोटो, हार घातलेले वडील, पेटी. अगदी खाली 'जुन्या हैदराबादेतल्या खानावळी' ही ओळ होती आणि तिच्याखाली, जिथे अंबाजी होते, तिथे माइकवाल्याचं नाव होतं. त्यांनी कोपऱ्यात जाऊन अनिलला फोन लावला.

"साब, आपईच बोले ना, जिसको बुरा नै लगता उसका निकालो," अनिल म्हणाला. "सबके सब दुकान पे आके अपना नाम देख के गए. एकीच नाम था जिसकू देखने कोई नै आया. मैं सोचा, इनकू क्या बुरा लगता."

नामदेवरावांना त्यात काही चुकीचं सापडेना. ते परत शिवराजरावांकडे आले.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

"तुम्ही पण पत्र लिहीत होतात ना त्यांना?"

"अजून लिहितोच आहे."

"मग त्यांचीही काही चूक म्हणता येणार नाही," शिवराजराव म्हणाले. "घाबरू नका. सुरू तर करू. वक्ते नाहीत म्हणून कार्यक्रम थांबला असं आजवर कुठे झालंय?"

नामदेवराव पहिल्या रांगेच्या टोकाला बसले आणि वाट बघू लागले. आता कुणीतरी उठून विचारेल, 'व्याख्यान कोण देणार?' मग आपल्याला उभं राहावं लागेल आणि एवढ्या लोकांसमोर खरं सांगावं लागेल. त्यांनी मनात वाक्यं जुळवायला सुरुवात केली. पहिलं वाक्य माफीचं होतं.

आधी स्वागतगीत झालं. मग स्वागताध्यक्षांचं स्वागत झालं आणि त्यांनी इतरांचं केलं. प्रास्ताविक शिवराजरावांनी केलं. खानावळ म्हटल्यावर त्यांना आपली आत्या आठवली, जी खानावळ चालवत नव्हती पण चालवू शकली असती. अध्यक्षांनी ते लहान असताना काचीगुड्याला वरणात किती पाणी असायचं ते सांगितलं. उपाध्यक्षांनी ते खोडून काढलं. महिला शाखेच्या नऊ जणींपैकी चौघी बोलल्या, आणि त्यातल्या एकीने ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी यावर असं काही सांगितलं की लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. खुर्च्या देणारे वडिलांच्या फोटोकडे बघून बोलले. भजनी मंडळाने एक भजन म्हटलं, मग दुसरंही म्हटलं. प्रत्येक भाषणानंतर माइकवाला पुढे येऊन "हॅलो, चेक, हॅलो" म्हणायचा आणि त्यालाही लोक टाळ्या द्यायचे.

मधल्या सगळ्या वेळात नामदेवरावांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं तर वक्त्यांची वेळ जवळ येईल असं त्यांना वाटत होतं. पण ती वेळ आलीच नाही. कोषाध्यक्ष आभाराला उभे राहिले.

"आजचे आपले विद्वान वक्ते," कोषाध्यक्ष चिठ्ठी बघून म्हणाले, "ज्यांनी आपला अमूल्य वेळ काढून इतक्या सोप्या भाषेत..."

टाळ्यांचा मोठा कडकडाट झाला. तेवढ्यात मागून मिरची भज्यांचा वास आला आणि खुर्च्या सरकल्या. एकाही माणसाने काही विचारलं नाही. प्रत्येकाची खात्री होती की मघाशी बोलले त्यातलेच कुणीतरी ते होते.

"फार वर्षांनी चांगलं ऐकायला मिळालं," एक आजी नामदेवरावांना म्हणाल्या. "तुमचे ते पाहुणे, निळ्या शर्टातले. थोडंच बोलले, पण आवाज काय स्वच्छ."

निळ्या शर्टातला माणूस वायर गुंडाळत होता.

घरी येऊन नामदेवरावांनी सांगितलं तेव्हा योगिनी आधी हसली नाही. मग हसली ती गौतम बेडरूममधून बाहेर येऊन काय झालं विचारेपर्यंत थांबली नाही.

"बाबा, मी पुण्यात हे चार वर्षं शिकले," ती डोळे पुसत म्हणाली. "पोस्टरवर जेवढी जागा रिकामी, तेवढ्या हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या. हे कुणी शिकवलंच नाही आम्हाला."

"पण तुझंच बरोबर होतं," नामदेवराव म्हणाले.

"कसं काय?"

"हॉल भरला. पण त्यात अंबाजीला बोलायला जागा नव्हती. तो आला असता तरी नसती मिळाली. मी माणसं मोजत बसलो. ज्याच्यासाठी मोजत होतो तोच मोजायचा राहिला."

भामाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता तरी लिहा त्या बिचाऱ्याला. की आता दोन मसुदे माफीचे आणि एक कार्यक्रमाच्या वृत्तांताचा?"

नामदेवरावांनी खण उघडला. मसुद्यांची चळत बाजूला केली. खाली कधीतरी आणलेली कोरी पोस्टकार्डं होती, त्यातलं एक घेतलं आणि पेन हातात धरून बसले. माफीचं वाक्य तयार होतं, चांगलं होतं, पण ते लिहिलं तर पुढचं लिहायला जागा उरणार नाही हे त्यांना कार्डाकडे बघूनच कळलं. त्यांनी कार्डाच्या मधोमध लिहिलं:

'प्रिय अंबाजी, पुढच्या महिन्यात सवडीने कधीही ये. आमच्या घरी बोल. आम्ही चौघं घरचे आणि शेजारचे एक-दोघं असू. तुझं संपेपर्यंत ऐकू. नामदेव.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं नाही. पुन्हा वाचलं की काय होतं हे त्यांना माहीत होतं. सकाळी चहा होताच ते चपला घालून काचीगुड्याच्या पोस्टाकडे निघाले. पेटीपाशी पोहोचले तोच मागून स्कूटर येऊन थांबली.

"नामदेवराव, तुम्हालाच शोधत होतो," शिवराजराव म्हणाले. "काल काय कार्यक्रम झाला. लोक फोन करून सांगतायत, वक्ते फार छान होते. हे काय, पत्र?"

"अंबाजींना."

"बघू." शिवराजरावांनी कार्ड हातातून घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "घरी बोलावताय? हौ, चांगलं केलंत. पण हे काय, वर-खाली केवढं कार्ड कोरंच आहे की. माझ्यातर्फे नमस्कार घालतो. आणि अध्यक्षांनाही वाईट नको वाटायला, त्यांचंही टाकू दोन शब्द. घरचा कार्यक्रम म्हटला तरी संस्था पाठीशी आहे, एवढं दिसलं पाहिजे. महिला शाखेला नंतर विचारू."

त्यांनी कार्ड स्कूटरच्या सीटवर ठेवलं आणि खिशातलं पेन काढून टोपण दातांत धरलं. नामदेवरावांच्या ओठांपर्यंत 'बघतो' आला. मग त्यांनी हात पुढे करून सीटवरून कार्ड उचललं, एका पावलात पेटी गाठली आणि ते फटीतून आत सोडलं.

आत काहीतरी हलकंसं पडल्याचा आवाज झाला.

"गेलं," नामदेवराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "शिवराजराव, चहा घेणार?"

शिवराजराव पेटीकडे बघत उभे होते. टोपण अजून दातांतच होतं.